लसणाचा वास

प्रत्येक जमिनीला ईशान्य कोपरा असतो, हे मी इतकी वर्षं माती तपासून शेवटी भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी शिकले.

ठाकुर्लीला रुळांच्या पलीकडे वॅगनदुरुस्तीचं जुनं यार्ड होतं. ते बंद पडून एक पिढी उलटली, आत रानटी बाभळी वाढल्या, कुत्र्यांनी संसार थाटले. आता तिथे नवी वस्ती होणार होती. टॉवर, शाळा, दवाखाना, बाग, सायकलींचा रस्ता. कागदावर सगळं हिरवंगार. पण ज्या मातीने जन्मभर तेल, ग्रीस आणि कोळशाची राख प्यायली, तिच्यावर पोरांची घसरगुंडी उभी करायची तर आधी ती माती कुठे खरवडायची, कुठे उचलून न्यायची, कुठे झाकायची, हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायला कंपनीने मला नेमलं होतं. मी आसावरी, राहणार डोंबिवली, स्वभाव तापट. तापट नसते तर या धंद्यात कुणी माझं ऐकलं नसतं. आहे तरी फारसं ऐकत नाहीत.

मांडव गेटजवळ घालायचा ठरला होता. ती जागा मी स्वतः तपासली होती, वरची काळी माती काढून मुरूम टाकून घेतला होता. आदल्या दिवशी गुरुजी आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "इथे नको. ईशान्येला करू." ईशान्येला जुन्या गोदामाचा काँक्रीटचा चौथरा होता. त्याच्याखालची माती आम्ही अजून तपासली नव्हती, ते काम पुढच्या टप्प्यात होतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. सुमित, म्हणजे प्रकल्पाचा तरुण मॅनेजर, हसला.

"मॅडम, टॉवर थोडीच बांधतोय तिकडे? एक पूजा तर आहे. अर्ध्या तासाचा मॅटर."

संध्याकाळपर्यंत जेसीबीने चौथरा फोडला, मलबा बाजूला ढकलला, वर मातीचा पातळ थर देऊन शेणाने सारवून घेतलं. मी पाय आपटत घरी गेले. माझ्या पाय आपटण्याने आजवर एकही जेसीबी थांबलेला नाही.

सकाळी आले तेव्हा मांडवाच्या मागे पत्र्याच्या आडोशाला रंभा आणि तिच्या गटातल्या चार बायका पुऱ्या लाटत होत्या. रंभा यार्डामागच्या चाळीत राहते. तिचे सासरे याच यार्डात फिटर होते. चौदा एप्रिलला चाळीसमोर मांडव पडतो आणि अख्खी वस्ती जेवते, त्या स्वयंपाकाची सूत्रं तिच्या हातात असतात. आमच्या साइट ऑफिसात डबे तिचेच येत, त्यामुळे तिच्या हाताची चव मला ठाऊक होती. तिच्या रमाई बचत गटाला त्या दिवशी नाश्त्याचं काम मिळालं होतं, आणि त्यात नुसता नाश्ता नव्हता. नव्या वस्तीत स्थानिक बायकांसाठी कॅन्टीनचा एक गाळा राखून ठेवला होता. कंपनीचे मालक धनेशशेठ पूजेनंतरच्या भाषणात तो रमाई गटाला जाहीर करणार होते. त्या गाळ्यासाठी या बायकांनी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. नाश्ता ही त्यांची परीक्षा आहे असं कुणी म्हणालं नव्हतं, पण सगळ्यांना ते कळत होतं. नैवेद्य आणि प्रसादाचा शिरा मात्र डोंबिवलीहून दुसरीकडून मागवला होता. का, तेही कुणी म्हणालं नव्हतं, आणि तेही सगळ्यांना कळत होतं.

"आज तरी रागवू नका कोणावर, मॅडम," रंभा मला म्हणाली. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती.

"बघते," मी म्हटलं.

पाहुणे जमले. धनेशशेठ आणि त्यांच्या पत्नी वल्लरी पाटावर बसले. त्यांच्या पुढ्यात गुडघाभर खोल खड्डा, बाजूला समई, कलशापाशी निरांजन, थोड्या अंतरावर विटांचं होमकुंड. गुरुजींनी संकल्प सोडला. खड्ड्यात पंचामृत पडलं, मग गंगाजल, मग कलशातलं पाणी. आणि थोड्या वेळाने वल्लरीवहिनींनी शालूचा पदर नाकाला लावला.

"लसणाचा वास येतोय ना?"

वास मलाही आला होता. चांगला झणझणीत, फोडणीत करपलेल्या लसणासारखा. पाहुण्यांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. गुरुजी मंत्र थांबवून म्हणाले, "पूजेच्या ठिकाणी कांदा-लसूण चालणार नाही, हे मी आधीच बजावून सांगितलं होतं."

सुमित ताडकन उठला आणि पत्र्यामागे गेला. तिथे आता काय होणार ते मला दिसत होतं, म्हणून मीही गेले.

"ताई, क्लिअर सांगितलेलं ना मी? नो कांदा, नो लसूण. मग हे काय लफडं आहे?"

"कसलं लफडं?"

"अख्ख्या मांडवात वास मारतोय! वहिनींनी नाक धरलंय."

"मी लसूण आणलेलाच नाय," रंभा म्हणाली. "भाजीत आलं, मिरची, कढीपत्ता, बास. बघा ना, पिशव्या बघा, मिक्सर बघा."

सुमितने खरंच पिशव्या बघितल्या. मिक्सरचं भांडं नाकाला लावलं. भाजीच्या पातेल्यावर वाकला. काही मिळालं नाही, त्याने तो आणखी चिडला.

"चुकून पडला असेल. तुमच्या लोकांकडे रोजचं असतं ना, त्यामुळे..."

तो थांबला. थांबला, पण बोलून झालं होतं. लाटणं हातात धरून चारही बायका त्याच्याकडे बघत राहिल्या. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी वाजवली नाही, कारण मांडवात शेठ बसले होते आणि माझ्या अहवालावर अजून त्यांची सही व्हायची होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, म्हणजे मला कुणी फार शूर समजू नये.

मांडवात गुरुजींनी शुद्धीचा उपाय काढला होता. गोमूत्र शिंपडलं. जागा धुऊन घ्या म्हणाले. दोन माणसांनी बादल्या आणल्या, पाटांच्या भोवताली पाणी ओतलं, खड्ड्यातही ओतलं. वास कमी होण्याऐवजी असा काही उसळला की पहिल्या रांगेतल्या बायका उठून मागे गेल्या.

"अरे, वाढला की वास!" धनेशशेठ ओरडले. "सुमित, ती भांडी आधी गेटच्या बाहेर काढ! मुहूर्त चाललाय इथे!"

मग पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत त्या पाच बायका पातेली उचलून मांडवाच्या कडेने गेटकडे गेल्या. पुऱ्यांची टोपली एकीच्या डोक्यावर, भाजीचं पातेलं दोघींच्या मध्ये. कुणी मोबाइलवर ते टिपलंसुद्धा. रंभा सगळ्यांच्या मागे होती, ताठ. तिची निळी साडी लांबूनही उठून दिसत होती.

मी तिच्यामागे गेटपर्यंत गेले. मला तिची दया आली होती आणि सगळ्या प्रकाराचा कंटाळाही आला होता. दोन्ही एकदम आलं की माणूस शहाणपणाचा सल्ला देतो.

"रंभाताई, ऐका माझं. शेठकडे जा, सांगा चुकून पडला असेल, माफ करा. एक वाक्य. विषय संपेल. गाळा हातचा घालवू नका."

"पण मी घातलाच नाय, मॅडम."

"अहो, मला माहितीये..."

"माहितीये? मग माफी कशाची?"

"कार्यक्रम पुढे सरकावा म्हणून हो. मोठेपणा घ्या थोडा."

तिने पातेल्यावरचं झाकण नीट केलं. "न केलेल्याची माफी मागितली की ते केलेलं ठरतं. उद्या डब्यात मीठ जास्त झालं तरी म्हणतील, ही त्या दिवशी लसणाचं खोटं बोललेली. गाळा नाय मिळाला तर नाय मिळाला. मी नाय मागणार." मग तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हाला पण वाटतं ना, मी घातला?"

मला काय वाटत होतं? खरं सांगायचं तर मी विचारच केला नव्हता. कुणी घातला, नाही घातला, मला काय त्याचं? पण आता ती समोर उभी होती आणि हो किंवा नाही यांतलं एक सांगायचं होतं. नाही म्हणायचं तर पुढचा प्रश्न आपोआप येत होता. नाही, तर मग वास कशाचा?

पातेली गेटबाहेर होती. मी वाकून वास घेतला. हिंग, कढीपत्ता, गरम तेल. लसूण नाही. वारा गेटकडून मांडवाकडे वाहत होता, म्हणजे इथला वास तिकडे जायचा तर जाईल, तिकडचा इथे येत नव्हता. आणि मांडवात अजूनही लोक नाकाला रुमाल लावून होते. भांडी गेली तरी वास राहिला. पाणी ओतलं तसा वाढला.

पाणी ओतलं तसा वाढला.

माझे वडील एमआयडीसीत फोरमन होते. त्यांच्या कारखान्याच्या मागे वेल्डिंगची शेड होती. तिथे लोखंडी टाकीत कार्बाईडचे खडे घालून वरून पाणी सोडायचे, म्हणजे वेल्डिंगचा गॅस तयार व्हायचा. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच हे कार्बाईड. लहानपणी मी नाक दाबून त्या शेडवरून पळत जायची, कारण तिथे लसणाचा वास यायचा. खडे जुने असोत की नवे, कोरडे राहिले तर वर्षानुवर्षं काही होत नाही. काँक्रीटच्या चौथऱ्याखाली ते कोरडेच राहणार. काल तो चौथरा फुटला होता. आणि आज आम्ही तिथे बादल्यांनी पाणी ओतत होतो, भोवती दिवे लावून.

मी धावले. या वयात, या गुडघ्यांनी, साडी सावरत धावले.

मांडवात पोचले तेव्हा वल्लरीवहिनी कौतुकाने खड्ड्यात बघत होत्या. "गुरुजी, पाणी बघा ना कसं उकळतंय!"

"माती कोरडी आहे, पाणी शोषताना बुडबुडे येतातच," गुरुजी म्हणाले. ते होमकुंडाशी बसून कापराच्या वड्या रचत होते आणि त्यांच्या दुसऱ्या हातात काडेपेटी होती. खड्ड्यातलं पाणी चुन्यासारखं पांढरं झालं होतं आणि त्यातून फस फस करत फेस वर येत होता.

"काडी ओढू नका!" मी ओरडले. "गुरुजी, काडी ओढू नका!"

त्यांचा हात तसाच थांबला. समई माझ्या सर्वांत जवळ होती. तिच्या पाचही वाती मी बोटांनी चिमटून विझवल्या. मांडवभर एकच श्वास ऐकू आला. भूमिपूजनाला समई विझवणारी बाई त्यांच्यापैकी कुणी आजवर बघितली नसणार.

"मॅडम!" धनेशशेठ उठून उभे राहिले. "डोकं फिरलंय का तुमचं? दिवा विझवता?"

"खड्ड्यात कार्बाईड आहे. हा गॅसचा वास आहे. पेट घेईल. सगळे बाहेर व्हा."

कुणी हललं नाही. सुमित मला समजावायला पुढे आला. "मॅडम, मॅडम, रिलॅक्स. लसणाचा वास आहे तो, आपण भांडी..."

"लसूण नाहीये!" मी त्याच्या तोंडावर किंचाळले. "त्या बाईने लसूण घातलेलाच नाही! कळतंय का तुला? घातलेलाच नाही!"

माझ्या आवाजाला घाबरून असेल, मागच्या रांगा हलल्या. खुर्च्या पडल्या. एका माणसाला वाटलं मदत करावी, त्याने निरांजनावर मारायला पाण्याची बादली उचलली. "पाणी नको! पाण्यानेच होतंय हे!" मी त्याचा हात धरला, अर्धी बादली माझ्या पायांवर सांडली आणि ओघळ खड्ड्याकडे निघाला. मी चपलेने माती ओढून तो अडवत होते. कलशापलीकडचं निरांजन अजून जळत होतं आणि तिथपर्यंत जायचं तर खड्डा ओलांडून जावं लागणार होतं. वल्लरीवहिनी पाटावर दगड झाल्यासारख्या बसून होत्या. निरांजन की बाई? मी बाईचा दंड धरला आणि शालूसकट ओढत बाहेर काढली. शेठ आमच्यामागे धावले. गुरुजी आपणहून निघाले, काडेपेटी मुठीत घट्ट आवळून.

आम्ही मलब्याच्या ढिगापर्यंत पोचलो असू. मागे भप्प असा आवाज झाला. वळून बघितलं तर खड्ड्यातून पिवळी ज्योत उभी राहिली होती, माणसाच्या उंचीची, आणि तिच्यातून काजळीच्या काळ्या जटा वर जात होत्या. बघता बघता मांडवाची झालर पेटली, मग कापड. ज्या पाटांवर नवरा-बायको बसले होते ते पाट जळताना मी बघितले. वल्लरीवहिनी माझा हात सोडायला तयार नव्हत्या.

कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. अग्निशमनवाले आले, मी सांगितल्याप्रमाणे वाळू आणि पावडरने आग विझली. नंतर खणलं तेव्हा चौथऱ्याखाली गंजलेले पिंप सापडले. कुठल्या काळात कुठल्या वेल्डिंगच्या ठेकेदाराने पुरले, देव जाणे. जेसीबीच्या दाताने एक फाडला होता.

धनेशशेठनी माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, तुम्ही नसता तर आज..." लोकांनी माझे फोटो काढले. गुरुजींनी मला नमस्कार केला, वयाने मोठे असून. मी सगळ्यांना सांगत होते की रंभाताई माफी मागायला तयार झाल्या असत्या तर मी पुढचा विचारच केला नसता आणि तो कापूर पेटला असता. लोक मान डोलवत होते आणि माझेच आभार मानत होते. गेटबाहेर पुऱ्या गार झाल्या होत्या. अग्निशमनच्या जवानांनी आणि साइटवरच्या मजुरांनी त्या खाल्ल्या. पाहुण्यांपैकी कुणी तिकडे गेलं नाही. धनेशशेठ नाहीत, सुमित नाही.

पिंप उचलून नेले, कोपऱ्यातली माती काढली, आणि थंडी सरता सरता दुसरं भूमिपूजन झालं, या वेळी गेटजवळ. गुरुजींनी आधी मला विचारलं, "इथे चालेल ना?" मग दिशा बघितली. मी खुशीत होते. नाश्त्याची गाडी आली तोपर्यंतच. गाडी ठाण्याच्या एका केटररची होती.

"रंभाताईंना का नाही सांगितलं?" मी सुमितला गाठलं.

"मॅडम, मला पर्सनली काही नाही. पण लोकांच्या डोक्यात बसलंय ना. कोणाकोणाला एक्सप्लेन करणार?"

"काय बसलंय? लसूण नव्हता हे अख्ख्या गावाला कळलंय!"

"हो, पण तरी."

त्या 'पण तरी'वर मी किती भडकले ते विचारू नका. त्या दुपारीच शेठच्या केबिनमध्ये जाऊन बसले. म्हटलं, गाळा रमाई गटाला मिळणार नसेल तर पुढच्या टप्प्याची माती दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. शेठ वाईट माणूस नाहीत. ओशाळले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या शब्दाबाहेर नाही मी. उद्याच सुमितला पाठवतो."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रंभाकडे जाऊन बसले. चाळीतली खोली, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर, ओट्यावर चहा उकळत होता. गटातल्या बाकीच्या बायकाही आल्या होत्या, केस विंचरून. सुमित आला, खुर्चीच्या टोकावर बसला, चहा घेतला.

"ताई, गाळा तुमचाच. फायनल. शेठनी शब्द पाळला."

एकीने दुसरीचा हात दाबला. रंभा मात्र वाट बघत राहिली.

"फक्त एक छोटीशी गोष्ट. बोर्डवर लिहायचं, 'येथे कांदा-लसूण वापरत नाही'. मग कोणाला डाऊट राहणार नाही. धंदा पण मस्त चालेल तुमचा."

"बाकीच्या गाळ्यांना पण लिहायचंय?" रंभाने विचारलं.

"त्यांचं वेगळं आहे, ताई."

"काय वेगळं आहे?"

सुमितने माझ्याकडे बघितलं. मग रंभानेही बघितलं. "मॅडम, तुम्ही सांगा. काय करू?"

पाच घरांची कमाई होती. दोन वर्षांचे खेटे होते. एका पाटीचं ते काय, घेऊन टाका, नंतर हळूच काढता येईल, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी ओठ मिटून बसले. स्वतःची मला इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

"राहू द्या," रंभा शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी गेटपाशी तुमचं तोंड असंच झालेलं."

मग ती सुमितकडे वळली. "शेठना सांगा, पाटी लावायला आम्ही तयार आहोत. त्यावर लिहा, त्या दिवशी लसूण नव्हता. एवढंच लिहा. ते लावणार असाल तर आजच गाळा घेते, नायतर नको."

सुमितला वाटलं ती गंमत करते आहे. तो हसला. मग बाकी कुणीच हसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने अर्धा चहा तसाच खाली ठेवला.